कपारेश्वरच्या रांगेतले निकमकाका

निकमकाका रांग दिसली की आधी तिच्यात उभे राहतात आणि मग पुढच्या माणसाला विचारतात, "कशाची हो?"

हे मी रंगवून सांगत नाही. आमच्या कामोठ्यात बागेपाशी एकदा मांडव घातला होता आणि मांडवाबाहेर बायकांची ही लांबलचक रांग लागली होती. काका भाजी आणायला निघाले होते. पिशवीसकट उभे राहिले. मागेपुढे गप्पा सुरू झाल्या, गावं निघाली, गावांतून ओळखी निघाल्या. पाऊण तासानं काका टेबलापाशी पोचले तेव्हा नर्सबाईंनी मान वर न करता विचारलं, "बाळ कुठंय?" ती पोलिओच्या डोसाची रांग होती.

"बाळ आता चौतीस वर्षांचं हाय," काका म्हणाले. "चालंल का?"

दुसऱ्या एका वेळी आमच्या सोसायटीतल्या मुलीचं रिसेप्शन वाशीला होतं. तिथे वर एक आणि खाली एक असे दोन हॉल. काका खालच्या हॉलमध्ये स्टेजकडे जाणाऱ्या रांगेत लागले, मुलीच्या मावशीशी त्यांची चांगली ओळख झाली, नवरा-नवरीला आशीर्वाद देऊन झाले, फोटो निघाला. स्टेजवरून उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यातलं कुणीच आपल्या ओळखीचं नाही. मग वर आले. वरही रांग होतीच, त्यामुळे त्यांना वाईट वाटलं नाही.

काका मूळचे साताऱ्याकडचे. उंच, काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन. तीस वर्षं त्यांनी बस डेपोत आरक्षणाच्या खिडकीत काढली. काचेला खाली अर्धगोल भोक असतं ना, त्यातून लोक वाकून गावाचं नाव सांगायचे, तिकीट घ्यायचे आणि जायचे. "तीस वर्षं मी लाईन पुढनं बघितली," काका सांगतात. "मागं माणसं हसत्यात, बोलत्यात, एकमेकाची पोरं धरत्यात. आणि खिडकीपाशी आली की फकस्त 'कराड, दोन'. आता रिटायर झालो. आता लाईन मागनं बघतोय."

बघता बघता त्यांचं त्यातलं ज्ञान फार वाढलं आहे. दवाखान्याची रांग गप्प असते, बँकेची कुरकुर करते, गॅस एजन्सीची भांडते. देवाची रांग सगळ्यात बोलकी, कारण तिथे प्रत्येकाला काहीतरी मागायचं असतं आणि ते देवाच्या आधी कुणाला तरी सांगून बघायचं असतं. हे सगळं काकांचं. बँकेत टोकनचं मशीन बसवलं त्या दिवशी काका आमच्या विंगखाली येऊन पाच मिनिटं नुसतेच उभे राहिले. म्हणाले, "नंबर हातात आला की माणूस खुर्चीत बसून मोबाईलात तोंड घालतो. शेजाऱ्याला विचारायचं काय मग?"

त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असते. तिच्यात घडीचं स्टूल, पाण्याची बाटली आणि भाजलेल्या शेंगांची पुडी. स्टुलावर ते स्वतः कधी बसत नाहीत. रांगेत ज्याचे पाय दुखतील त्याच्यासाठी ते असतं. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम: "घाई हाय का? मग पुढं व्हा."

या वाक्यानं सोसायटीला बराच ताप झालेला आहे. मागच्या वर्षी गणपतीत आम्ही सगळे दर्शनाला गेलो होतो. सगळ्यांचं झालं, काकांचा पत्ता नाही. फोन लागेना. शेवटी संध्याकाळी सापडले ते रांगेच्या शेपटाला. सकाळपासून येईल त्याला पुढे सोडत होते.

म्हणून यंदा श्रावणी सोमवारी कपारेश्वरला जायचं ठरलं तेव्हा आमचे सेक्रेटरी म्हात्रे यांनी आधीच जाहीर केलं, "काकांवर येक मानूस ठेवायचा. नजर हलवायची नाय."

तो माणूस मी निघाले. नाव अर्चना, शेजारच्या बी विंगमध्ये राहते, त्या दिवशी ऑफिसची सुट्टी काढली होती आणि सासूबाईंना एकटं पाठवणं शक्य नव्हतं. एवढी कारणं पुरली.

कपारेश्वर म्हणजे कर्जतच्या पुढे डोंगरात अर्ध्या उंचीवर असलेली एक गुहा. आत महादेवाची पिंड आहे, आणि पिंडीभोवती कातळातून पाझरणारं पाणी घोट्याएवढं साठलेलं असतं. गुहेचं तोंड इतकं ठेंगणं की कंबरेत वाकूनच शिरावं लागतं. एका वेळी पाच माणसं आत. ती दुसऱ्या फटीतून बाहेर पडली की पुढची पाच. त्यामुळे श्रावणात पायऱ्यांवर तीन-तीन तासांची रांग लागते, हे काकांनी कुठूनसं ऐकलं होतं. टेंपो ट्रॅव्हलरमध्ये ते खिडकीपाशी बसले होते आणि पोरं सहलीला निघाल्यावर दिसतात तसे दिसत होते.

पायथ्याशी म्हात्रेंनी खिशातून पासांचा गठ्ठा काढला. त्यांच्या मामेभावाची देवस्थानात ओळख होती. पासवाल्यांना कड्याच्या बाजूनं वेगळी वाट, थेट गुहेशी.

काकांनी पास हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "मी लाईनीतनं येतो."

"अवं काका, पास हाय ना!" म्हात्रे म्हणाले. "तीन तास उभं रावून काय गावनार तुमाला?"

"तुमी व्हा की पुढं. माझी घाई न्हाई."

म्हात्रेंनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही माझ्याकडे पाहिलं, आणि त्या म्हणाल्या, "जा गं भाऊजींबरोबर. मला म्हात्रे धरतील हाताला." माझा पास माझ्याच हातात राहिला आणि मी रांगेत उभी राहिले. चढताना मनातल्या मनात काकांना जे बोलले ते देवाच्या वाटेवर बोलण्यासारखं नव्हतं.

कातळात खोदलेल्या पायऱ्या, एका बाजूला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला शेवाळ धरलेली भिंत. धुकं इतकं की दहा-बारा पायऱ्यांपुढची माणसं नुसती छत्र्यांसारखी दिसत होती. ओल्या बेलाचा आणि धुपाचा वास वरून खाली येत होता. रांग दोन पायऱ्या सरकायची आणि थांबायची.

आमच्या पुढे एक नवं जोडपं होतं. मुलीच्या हातात चुडा अजून कोरा. दोघंही आपापल्या मोबाईलमध्ये बघत होते आणि एकमेकांकडे अजिबात बघत नव्हते. मागे वाशीच्या मार्केटमधला एक माथाडी होता. रुंद खांद्यांचा, जावळीकडचा. दिवसभर पाठीवर पोती घेऊन धावणारा माणूस, पण नुसतं उभं राहून तासाभरात त्याचे पाय भरून आले.

"चालायला लावा, दिवसभर चालतो," तो म्हणाला. "हे उभं राहणं न्हाई जमत राव."

काकांनी स्टूल उघडून दिलं. तो अवघडत बसला. मग काकांनी शेंगा वाटल्या, आणि शेंग सोलता सोलता पुढच्या मुलीला सहज विचारलं, "पोरी, माहेर कुठलं?"

"शहापूर," ती म्हणाली. एवढंच. मग थोड्या वेळानं, कुणी काही विचारलेलं नसताना, "आज माझ्या आईचा वाढदिवस आहे. मला तिकडे जायचं होतं."

नवरा वळला. "अगं, पण आईंनीच सांगितलं ना, पहिला श्रावण आहे, देवाला जाऊन या..."

"कुणाच्या आईंनी?"

तो पुन्हा मोबाईलकडे वळला. मीही शेंगेत लक्ष घातलं. अशा वेळी आपण तिथे नसल्यासारखं करतो. काका मात्र तिथेच होते. "फोन लावलास का आईला?" त्यांनी विचारलं.

"रेंज नाहीये."

"वरच्या वळणाला हाय. मघाशी खाली उतरणाऱ्या एक बाई सांगत होत्या. दहा मिनिटांत पोचतोय आपण."

वळणाशी पोचल्यावर मुलीनं खरंच फोन लावला. लागला. ती बोलली, नाक पुसलं, आणि मग नवऱ्यानं हात पुढे केला. तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि फोन दिला. "हॅलो आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. हो, हो, रविवारी येतोय ना आम्ही. नक्की." रविवारचं बहुधा त्यानं तिथल्या तिथे ठरवलं असावं, कारण मुलगी हे ऐकून चकित झाली होती. त्यानंतर दोघांचे मोबाईल खिशात गेले. काका कठड्याला टेकून दरीकडे बघत होते. दरीत धुक्याशिवाय काही नव्हतं.

पासवाली आमची मंडळी एव्हाना दर्शन घेऊन उतरायला लागली होती. सासूबाई पलीकडच्या वाटेवरून ओरडल्या, "छान झालं गं! आत गार पाणी आहे पायाशी!" म्हात्रे घड्याळ दाखवत गेले.

दीडच्या सुमाराला आम्ही गुहेपासून तीस-चाळीस माणसांवर पोचलो. दोर धरून उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं वरून हाक दिली, "दोन वाजता गुहा बंद होणार! धुकं वाढलंय, खालचा ओढाही वाढतोय! खालून आता कुणाला सोडत नाही, लायनीत आहेत त्यांनीच लवकर चला!"

आणि इथे काकांनी सुरुवात केली.

पहिल्यांदा माथाडी. त्याला संध्याकाळी मार्केटला गाडी भरायची होती. "घाई हाय का? मग पुढं व्हा." मग नेरळच्या पाच बायकांचा गट. त्यांच्यातल्या एकीला उपास सहन होत नव्हता. मग एक गृहस्थ, ज्यांना घाई नव्हती, पण काकांनी आग्रह केला. मी मुकाट्यानं काकांबरोबर मागे सरकत होते. घड्याळात पावणेदोन झाले. आमच्यामागे आता कुणीच उरलं नव्हतं. पुढे मात्र वीस माणसं होती, त्यातली सात आम्ही स्वतः घातलेली.

मग माझं डोकं फिरलं.

"काका, तीन तास झाले उभे आहोत. माझे गुडघे गेलेत. खाली अख्खी गाडी खोळंबलीय. तुम्हाला दर्शन घ्यायचंय की नाही?"

"घ्यायचंय की."

"मग?"

काकांनी पिशवीचा बंद नीट केला. "दर्शन झालं की खाली उतरायचं. उतरलं की गाडी. गाडीतनं घर."

"मग घरीच जायचं ना माणसानं!"

"व्हय. घरीच." ते थोडे हसले. "अर्चना, आमच्या घरी चोवीस तास कोणतरी झोपलेलं असतं."

मला नीट कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मुलगा संतोष पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. सकाळी येतो, पडदे ओढून झोपतो. सून रूपाली नर्स. तिची पाळी दर आठवड्याला बदलते, कधी दुपारी झोपते, कधी संध्याकाळी. दोन खोल्यांचं घर. आवाज झाला तर कुणाची तरी झोप जाते.

"कुकरची शिट्टी काढून ठेवलीय," काका म्हणाले. "भात पातेल्यात. टीव्ही बघतो, पण मुका. शिंक आली तर गॅलरीत जातो. ही होती तवा आमी दोघं किचनचं दार लावून बोलायचो. आता ती न्हाई, दार लावून करू काय?"

"तुम्ही मुलांना सांगत का नाही?"

"काय सांगू? पोरं राबत्यात. गुणाची हायत. रूपाली तर माझ्या गोळ्या डबीत वारानुसार भरून ठेवते." ते वर गुहेकडे बघत होते. "त्यांची झोप मोडायची न्हाई. म्हणून बोलायचं ते बाहेर बोलून घेतो. आणि लाईनीत काय हाय, माणूस पळून जात न्हाई. जागा जाईल ना त्याची."

हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं. मी हसायला हवं होतं. मी त्यांच्या पिशवीतलं स्टूल काढलं आणि पायरीवर मांडलं. "बसा थोडं," म्हटलं. पहिल्यांदा त्यांनी नको केलं, मग बसले. रांग सरकली की उठायचे, दोन पायऱ्या वर आले की मी स्टूल पुन्हा मांडायचे. या वेळात त्यांनी मला डेपोतल्या गमती सांगितल्या, काकूंना भरलेली वांगी किती तिखट लागायची ते सांगितलं, आणि मीही, का कोण जाणे, ऑफिसातल्या माझ्या साहेबांबद्दल बरंच काही बोलून घेतलं. घरी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते.

दोनला पाच कमी असताना आम्ही शेवटचे दोघं गुहेत शिरलो.

बाहेरच्या धुक्यातून आत आल्यावर काही दिसेना. पाय पाण्यात गेला आणि थंडी सरळ डोक्यापर्यंत चढली. मग समईची ज्योत दिसली, मग पिंड, आणि पिंडीशेजारी पाटावर बसलेला म्हातारा गुरव. सकाळपासून बोलून त्याचा घसा बसला होता. कुणी मागे नव्हतं, त्यामुळे त्यालाही घाई नव्हती. त्यानं बेलाची पानं काकांच्या हातात दिली. "बोला. काय मागायचं ते मागा."

काका वाकले. हात जोडले आणि पुटपुटले. मी शेजारी होते, पण मला एक अक्षर कळलं नाही. ओठ तेवढे हलत होते.

गुरव पुढे झुकला. "काय म्हणताय बाबा?"

काका पुन्हा तसंच पुटपुटले. तसाच दबका आवाज, श्वासापेक्षा थोडा मोठा. पडदे ओढलेल्या खोलीत बोलावं तसा. बाहेर चार माणसांत खणखणीत बोलणारा हा माणूस चार भिंतींत शिरल्यावर कसा बोलतो, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मोठ्यानं बोला की," गुरव म्हणाला. "इथं कोण झोपलंय?"

काका थांबले. वर कातळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि असे काही ओरडले की समईची ज्योत हलली की काय असं मला वाटलं.

"देवा! आमच्या संतोषला न् रूपालीला एका पाळीची ड्युटी मिळू दे! दोघं नवराबायको एकदम जागी असू दे! एक वेळचं जेवण तरी एकत्र जेवू दे!"

गुहा दणाणली. बाहेरचा स्वयंसेवक वाकून आत डोकावला. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. बहुतेक कळलंच नसावं.

"आणखी?" गुरवानं विचारलं.

काकांनी विचार केला. "बास," ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. "तुमी जेवला का?"

गुरव हसला. म्हणाला, "आता जेवेन." त्यानं काकांच्या कपाळाला अंगारा लावला आणि खडीसाखरेची पुडी दिली.

खाली म्हात्रे तयारच होते. "काका, ही काय वेळ झाली? किती लोकांना पुढं घातलाव, बोला!" काका काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "माझ्यामुळे उशीर झाला, म्हात्रे. माझे गुडघे दुखत होते." सासूबाईंनी माझ्याकडे जरा बघितलं. घरी आल्यावर त्यांनी गुडघ्यांना लावायला तेल काढून ठेवलं होतं.

गाडीत काका झोपले. तोंड उघडं टाकून, मान खिडकीला लावून. पनवेल येईपर्यंत त्यांना काही उठवलं नाही.

कामोठ्याला उतरलो तेव्हा सहा-साडेसहा झाले होते. काकांचे पाय आखडले होते, म्हणून त्यांची पिशवी घेऊन मी तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांच्याबरोबर चढले. सहा वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते. त्याचं कारणही आत्ता कळत होतं. काका कायम खालीच भेटायचे.

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मीही घेतल्या. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मुठीत घट्ट दाबून धरला, त्यातली एक किल्ली बोटांनी बाहेर काढली आणि कुलूप असं उघडलं की मला शेजारी उभी असून ऐकू आलं नाही.

आत अंधार होता. पडदे ओढलेले. हॉलमधल्या पलंगावर संतोष पालथा झोपला होता. एक हात पलंगाखाली लोंबत होता, मोठ्या माणसाचा, ग्रीसचे डाग असलेला. रूपाली ड्युटीवर गेलेली. टेबलावर झाकून ठेवलेलं ताट होतं आणि त्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी: "बाबा, आल्यावर आधी जेवा."

काका टाचा उचलून पलंगापाशी गेले. संतोषचा लोंबणारा हात त्यांनी दोन्ही हातांनी उचलून अलगद गादीवर ठेवला. उशीशेजारी खडीसाखरेची पुडी ठेवली. पंख्याचा वेग एकानं कमी केला, चादर खांद्यापर्यंत ओढली, आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून. मुलाला उठवायला अजून तासभर होता.

"येते काका," मी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. ओठच हलले. त्यांनी मान डोलावली.

दार ओढून घेतलं आणि तीन मजले उतरून खाली आले. विंगच्या दाराशी पोचल्यावर पायांना ओलं सिमेंट लागलं तेव्हा लक्षात आलं, चपला माझ्या हातातच होत्या.